दहा मैलांवरचा पराभव

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम आणि चॅपल हिल या दोन गावांमध्ये रस्त्याने जेमतेम दहा मैलांचे अंतर आहे. डरहॅममध्ये ड्यूक विद्यापीठ आहे, चॅपल हिलमध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. दोन्ही बास्केटबॉल संघांचा रंग निळाच. ड्यूकचा गडद, नॉर्थ कॅरोलायनाचा आभाळी. अमेरिकेतील कॉलेज खेळांत जुनी वैरे पुष्कळ आहेत. पण इतक्या जवळ राहणाऱ्या, दोघांनीही वारंवार राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या आणि दर हंगामात किमान दोनदा समोरासमोर येणाऱ्या संघांचे वैर विरळाच.

२०२२ च्या वसंतात ड्यूकचा संघ या शेजाऱ्याकडून चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा हरला. पहिल्या पराभवाने प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांचा घरच्या मैदानावरचा निरोप बिघडला. दुसऱ्याने त्यांची कारकीर्दच संपवली. हंगामात एरवी ३० हून अधिक सामने होतात, त्यांतले बहुतेक निकाल चाहते वर्षभरात विसरतात. हे दोन निकाल ड्यूकच्या चाहत्याला आजही मिनिटामिनिटाने आठवतात. त्याचे कारण एकट्या गुणफलकात सापडत नाही. हरवणारा कोण, तो राहतो कुठे आणि चाहत्याने या सामन्यापायी आधी काय काय केलेले असते, हे पाहावे लागते.

दोन विद्यापीठे, एक रस्ता

नॉर्थ कॅरोलायना हे सरकारी विद्यापीठ. १७८९ साली त्याला सनद मिळाली आणि १७९५ मध्ये विद्यार्थी आले. त्याचे बहुतांश विद्यार्थी राज्यातलेच असतात आणि शिकून पुष्कळदा राज्यातच राहतात. ड्यूक खासगी. पूर्वीचे ट्रिनिटी कॉलेज १८९२ मध्ये डरहॅमला आले. तंबाखू आणि विजेच्या धंद्यात गडगंज झालेल्या जेम्स ब्युकॅनन ड्यूक यांनी १९२४ मध्ये मोठी देणगी दिली आणि कॉलेजला त्यांच्या घराण्याचे नाव मिळाले. ड्यूकचे बहुसंख्य विद्यार्थी बाहेरच्या राज्यांतून येतात. त्यामुळे चॅपल हिलच्या नजरेत ड्यूक म्हणजे बाहेरून आलेली श्रीमंतांची मुले, आणि डरहॅमच्या नजरेत नॉर्थ कॅरोलायना म्हणजे राज्य आपल्याच मालकीचे समजणारे लोक. दोन्ही चित्रे अर्धीमुर्धीच खरी आहेत, पण सामन्याच्या दिवशी तेवढी पुरतात.

दोघांचा पहिला सामना २४ जानेवारी १९२० रोजी झाला. त्या वेळच्या ट्रिनिटीला नॉर्थ कॅरोलायनाने ३६-२५ असे हरवले. राज्यात एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा संघ बराच उशिरा आला. शार्लट हॉर्नेट्स हा संघ १९८८ मध्ये खेळू लागला. तोवर हिवाळ्यातला खेळ म्हणजे कॉलेजचा खेळ, हे समीकरण घराघरांत पक्के झाले होते. ज्यांनी कॉलेजची पायरी कधी चढली नाही अशी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या या किंवा त्या निळ्या रंगाची असतात.

वैराला आजचे रूप दोन प्रशिक्षकांनी दिले. डीन स्मिथ १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षे नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक होते. ८७९ विजय आणि १९८२ व १९९३ ही दोन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. १९८२ च्या अंतिम सामन्यात निर्णायक बास्केट करणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणजे मायकेल जॉर्डन. स्मिथ स्वतः कॅन्सस विद्यापीठात फॉग ॲलन यांच्या हाताखाली खेळले होते आणि ॲलन हे बास्केटबॉलचे जनक जेम्स नायस्मिथ यांचे शिष्य. चॅपल हिलच्या चाहत्याला या गुरुपरंपरेचा अभिमान आहे. शशेव्स्की १९८० मध्ये ड्यूकला आले. उच्चारायला अवघड आडनाव असलेला हा तरुण प्रशिक्षक पहिली काही वर्षे इतका अडखळत होता की त्यांना काढून टाका अशी मागणी होऊ लागली. विद्यापीठाने धीर धरला. पुढे १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच विजेतेपदे आली आणि सारी अमेरिका त्यांना ‘कोच के’ म्हणू लागली.

वैरातही एक मर्यादा पाळली जाते. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्मिथ यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच ड्यूकच्या मैदानावर दोन्ही संघांची गाठ पडली. सामन्याआधी दोन्हीकडचे खेळाडू आणि प्रशिक्षक हातात हात गुंफून मैदानाच्या मधोमध एकाच वर्तुळात गुडघ्यांवर बसले. मग सामना जादा वेळेत गेला आणि ड्यूकने तो ९२-९० असा जिंकला.

तंबूंचे गाव

ड्यूकचे मैदान कॅमेरून इनडोअर स्टेडियम १९४० मध्ये बांधून झाले. दगडी भिंतींच्या या इमारतीत फक्त ९,३१४ माणसे मावतात. चॅपल हिलचे डीन स्मिथ सेंटर १९८६ मध्ये उघडले. तिथे २१ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. कॅमेरूनमधल्या कोर्टालगतच्या सर्वांत जवळच्या बाकड्यांवर विद्यार्थ्यांचा हक्क असतो. ते सामनाभर बसत नाहीत. अंगाला निळा रंग फासून उड्या मारतात. प्रतिस्पर्धी खेळाडू बाजूरेषेवरून चेंडू आत टाकायला येतो तेव्हा त्यांचे हात त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर हलत असतात. कोणत्या खेळाडूला कशावरून डिवचायचे, याचे छापील कागद सामन्याआधी रांगेत वाटले जातात.

या जागेसाठी विद्यार्थ्याला पैसे मोजावे लागत नाहीत. मोजावे लागतात ते दिवस. १९८६ मध्ये काही विद्यार्थ्यांनी सामन्याआधी स्टेडियमबाहेर तंबू ठोकले. त्यातून दर हिवाळ्यात हिरवळीवर एक वस्ती उभी राहू लागली. प्रशिक्षकाच्या नावावरून तिला शशेव्स्कीव्हिल, बोलताना नुसते के-व्हिल म्हणतात. एका तंबूत जास्तीत जास्त बारा जणांचा गट. सर्वांत आधी, जानेवारीच्या थंडीत येणाऱ्यांचे ते काळे तंबू. त्यांना रात्री गटातले बहुतेकजण हजर ठेवावे लागतात. नंतर येणाऱ्यांचे निळे, त्याहून उशिराचे पांढरे. त्यांना नियम सैल, पण रांगेत जागा मागे. काळ्या तंबूचा मान हवा असेल तर संघाच्या इतिहासावरची परीक्षाही द्यावी लागते.

ही व्यवस्था विद्यार्थीच चालवतात. रांगेची देखरेख करणारे विद्यार्थी कोणत्याही वेळी, मध्यरात्रीनंतरही, भोंगा वाजवून हजेरी घेतात. ठरलेली माणसे हजर नसतील तर एकदा माफी, पुन्हा चुकल्यास गट रांगेतून खाली. त्यामुळे वेळापत्रके आखली जातात, पाळ्या लावल्या जातात, परीक्षेचा अभ्यास टॉर्चच्या उजेडात होतो. पारा फार उतरला की त्या रात्रीपुरती घरी जायची मुभा मिळते.

इतके सोसल्यावर मिळालेल्या वस्तूचे मोल किती वाढते, याचा अभ्यास ड्यूकमध्येच झाला. झिव्ह कारमन आणि डॅन ॲरिएली या संशोधकांनी अशा विद्यार्थ्यांची गाठ घेतली, ज्यांनी सारखीच तपश्चर्या करूनही सोडतीत काहींना तिकीट लागले होते, काहींना नाही. तिकीट न मिळालेले ते विकत घ्यायला सरासरी १७० डॉलरच्या आसपास द्यायला तयार होते. तिकीट मिळालेले मात्र सुमारे २,४०० डॉलरखाली हलायला तयार नव्हते. सोडतीआधी दोघेही एकाच रांगेत उभे होते. तिकीट हाती आल्यावर मोल ठरत होते ते आयुष्यभर सांगण्याजोग्या आठवणीचे.

५ मार्च २०२२

हा हंगाम आपला शेवटचा, असे शशेव्स्की यांनी जून २०२१ मध्येच जाहीर केले होते. वारसदारही ठरला होता: त्यांचाच माजी खेळाडू जॉन शायर. तिकडे चॅपल हिलमध्ये रॉय विल्यम्स निवृत्त झाले आणि ह्यूबर्ट डेव्हिस आले. हंगामातला पहिला सामना ५ फेब्रुवारीला चॅपल हिलमध्ये झाला आणि ड्यूकने तो ८७-६७ असा सहज जिंकला. परतीचा सामना ५ मार्चला कॅमेरूनमध्ये, म्हणजे शशेव्स्की यांचा घरच्या मैदानावरचा अखेरचा. ड्यूक देशात चौथ्या क्रमांकावर होते. नॉर्थ कॅरोलायना क्रमवारीत नव्हते. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जागा मिळेल की नाही, याचीही खात्री नव्हती.

त्या दिवशी ९६ माजी खेळाडू डरहॅमला आले. एनबीएचे आयुक्त ॲडम सिल्व्हर आले, विनोदवीर जेरी साइनफेल्ड आले. सामन्यानंतरच्या समारंभाची तयारी झाली होती. मध्यंतराला ड्यूक ४१-३९ असे पुढे होते. उत्तरार्धात मात्र नॉर्थ कॅरोलायनाने ५५ गुण केले. अर्मांडो बेकॉट २३, केलेब लव्ह २२, आर. जे. डेव्हिस २१, ब्रेडी मॅनेक २०: चौघांनी विशी गाठली. निकाल लागला ९४-८१.

अडचण सामन्यानंतरची होती. समारंभ रद्द करता येत नव्हता आणि साजराही करवत नव्हता. शशेव्स्की यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि सर्वांत आधी माफी मागितली. प्रेक्षक ‘नाही, नाही’ म्हणू लागले तेव्हा त्यांना गप्प करून त्यांनी सांगितले की आजचा खेळ मान्य होण्यासारखा नव्हता, हंगाम मात्र चांगला झाला आहे आणि तो अजून संपलेला नाही. मग भाषणे झाली, कुटुंबीय पुढे आले, आठवणी निघाल्या. ज्यांनी जानेवारीपासून तंबूत रात्री काढल्या होत्या ते विद्यार्थी हे सगळे जागेवर उभे राहून पाहत होते.

ड्यूकमध्ये वसतिगृहांपुढे विद्यार्थ्यांनी स्वतः ठोकलेली लाकडी बाके असतात. नॉर्थ कॅरोलायनाला हरवले की अग्निशमन खात्याची परवानगी घेऊन ती होळीत घातली जातात. हरले की बाके तिथेच राहतात आणि सोमवारी वर्गाला जाताना त्यांच्यावरूनच जावे लागते. चॅपल हिलमध्ये त्याच वेळी फ्रँकलिन रस्ता वाहनांना बंद होतो. वसतिगृहांतून मुले धावत चौकात येतात, शेकोट्या पेटतात, त्यांवरून उड्या मारल्या जातात.

न्यू ऑर्लिन्सची रात्र

राष्ट्रीय स्पर्धा ६८ संघांची आणि बाद पद्धतीची असते. एक पराभव आणि हंगाम संपला. दोन्ही विद्यापीठे ही स्पर्धा अनेकदा जिंकली आहेत, पण तिथे त्यांची एकमेकांशी कधीच गाठ पडली नव्हती. २०२२ मध्ये ड्यूकला आपल्या गटात दुसरे मानांकन होते, नॉर्थ कॅरोलायनाला आठवे. आठव्या मानांकनाच्या संघाने गतविजेत्या बेलरला जादा वेळेत हरवले, पुढे यूसीएलएला हरवले. ड्यूकने आपला गट जिंकला आणि शशेव्स्की तेराव्यांदा शेवटच्या चार संघांत पोहोचले; हा विक्रम होता. उपांत्य फेरीत समोर आले ते शेजारी.

२ एप्रिलच्या रात्री न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ७० हजारांहून अधिक प्रेक्षक होते. आघाडी १८ वेळा हातची गेली, १२ वेळा गुण बरोबरीत आले. मध्यंतराला ड्यूक ३७-३४ असे पुढे होते. शेवटच्या मिनिटात नॉर्थ कॅरोलायना एका गुणाने पुढे असताना ड्यूकच्या मार्क विल्यम्सला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही हुकले. काही सेकंदांनी केलेब लव्हने त्याच विल्यम्सच्या उंच हातांवरून तीन गुणांची बास्केट केली आणि गुणफलक ७८-७४ झाला. घड्याळात पंचवीस सेकंद उरले होते. लव्हचे २८ गुण झाले; घोटा दुखावूनही परत आलेल्या बेकॉटने २१ रिबाउंड घेतले. अंतिम निकाल ८१-७७.

शशेव्स्की यांची कारकीर्द १,२०२ विजयांवर थांबली. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तोवर इतके विजय कुणाचेही नव्हते. तरीही त्यांचा घरचा शेवटचा सामना आणि एकूण शेवटचा सामना, दोन्ही एकाच संघाने जिंकले.

पराभव मनात काय करतो

चाहत्याच्या मनाचा अभ्यास मानसशास्त्राने बराच केला आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी विद्यापीठांत केलेली एक पाहणी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घातलेले विद्यार्थी जास्त दिसत. फोनवर निकाल विचारला की विजयाबद्दल बोलताना ‘आपण’ आणि पराभवाबद्दल बोलताना ‘ते’ असा सूर लागे. माणूस यशाशी नाते सांगतो आणि अपयशापासून अंग काढून घेतो.

पण ज्यांची संघाशी गाठ घट्ट बांधलेली असते त्यांना अंग काढून घेता येत नाही. इंडियाना विद्यापीठात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाहत्या विद्यार्थ्यांना आपल्या बास्केटबॉल संघाचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. नंतर त्यांना विचारले, तुम्ही स्वतः छोट्या बास्केटमध्ये किती चेंडू टाकाल, शब्दकोडी किती सोडवाल? संघ हरलेला असेल तर ते स्वतःबद्दलही कमी अपेक्षा ठेवत. १९९८ च्या आणखी एका छोट्या अभ्यासात जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक या प्रतिस्पर्धी विद्यापीठांच्या सामन्याआधी आणि नंतर पुरुष चाहत्यांची लाळ तपासली. जिंकलेल्यांचे टेस्टोस्टेरॉन वाढले होते, हरलेल्यांचे घटले होते. हे सगळे प्रेक्षक होते. त्यांच्यापैकी चेंडूला कुणी हात लावला नव्हता.

अंग काढून घेता येत नाही म्हणून चाहता पराभव उलगडत बसतो. पहिल्या रात्री पंच आठवतात. १९५१ च्या प्रिन्स्टन-डार्टमथ फुटबॉल सामन्यावरचा एक गाजलेला अभ्यास आहे; त्यात दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना एकच चित्रफीत दाखवली, तर प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या चुका डार्टमथच्या विद्यार्थ्यांहून दुपटीने दिसल्या. ड्यूकचा चाहता दुसऱ्या दिवशी फ्री थ्रोवर येतो: ते दोन पडले असते तर? मग तीन गुणांच्या फटक्यांवर: त्या रात्री ड्यूकने बावीस प्रयत्न केले, पाच यशस्वी झाले. मग निरोपसमारंभाच्या ओझ्यावर: अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या खांद्यांवर एका माणसाची सारी कारकीर्द ठेवायला नको होती. आणि अखेरीस, नाइलाजाने, तो शेजाऱ्याकडे वळतो: चार आठवड्यांत दोनदा, दोन वेगळ्या मैदानांवर, तेच खेळाडू सरस ठरले. हे कबूल करेपर्यंत पराभव पचत नाही आणि केल्यावर तो अधिक बोचतो.

हिशेबवही

अनोळखी संघाकडून झालेला पराभव विमानाने येतो आणि विमानाने परत जातो. शेजाऱ्याकडून झालेला पराभव दुसऱ्या दिवशी कार्यालयात, किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर आभाळी टोपी घालून उभा असतो. डरहॅम, चॅपल हिल आणि राजधानी राली यांच्यामध्ये १९५९ पासून उभे राहिलेले रिसर्च ट्रँगल पार्क ही दोन्ही विद्यापीठांच्या पदवीधरांना एकत्र आणणारी जागा. केरी, मॉरिसव्हिल या उपनगरांत तिथल्या कंपन्यांमुळे भारतीय वस्ती वाढली आणि तीत मराठी कुटुंबेही आहेत. क्रिकेटवर वाढलेल्या आईबापांची मुले इथे गडद किंवा आभाळी निळ्यातला एक निवडतात. काही घरांपुढे दोन्ही रंगांचा अर्धा-अर्धा झेंडा असतो. नवरा एका विद्यापीठाचा, बायको दुसऱ्याची.

अशा ठिकाणी जुने निकाल बोलण्यात चलन म्हणून वापरले जातात. चॅपल हिलवाला १९७४ काढतो: घड्याळात १७ सेकंद असताना ड्यूक आठ गुणांनी पुढे होते आणि तेव्हा तीन गुणांची बास्केट अस्तित्वात नव्हती. तरी नॉर्थ कॅरोलायनाने बरोबरी साधून जादा वेळेत सामना जिंकला. ड्यूकवाला २०१२ काढतो: चॅपल हिलच्या मैदानावर ऑस्टिन रिव्हर्सने शेवटच्या क्षणी तीन गुणांची बास्केट करून ८५-८४ असा विजय मिळवला. कुणी १९७९ काढतो: नॉर्थ कॅरोलायना चेंडू धरून वेळ काढत बसले आणि मध्यंतराला गुणफलक ७-० होता. ड्यूकने तो सामना ४७-४० ने जिंकला. पुढे १९८५-८६ च्या हंगामापासून कॉलेज खेळात ठरावीक सेकंदांत फटका मारण्याचा नियम आला आणि तो डाव कायमचा बंद झाला. कुणी २०१९ काढतो: सामना सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते, ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट फाटला, तो बाहेर गेला आणि नॉर्थ कॅरोलायना कॅमेरूनमध्ये ८८-७२ ने जिंकले.

या वहीत प्रत्येक पराभवाला आजवर उत्तर सापडत आले, कारण पुढच्या वर्षी दोन सामने ठरलेलेच असतात. २०२२ ने वहीत एक निराळे पान जोडले. न्यू ऑर्लिन्सनंतर दोन दिवसांनी अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना मध्यंतराला १५ गुणांनी पुढे असूनही कॅन्ससकडून ७२-६९ असे हरले. ड्यूकच्या चाहत्याला त्याचा आनंद झाला, पण तो आनंद उसना होता. पुढच्या हंगामात शायर यांच्या ड्यूकने शेजाऱ्याला दोन्ही वेळा हरवले आणि हंगामपूर्व क्रमवारीत देशात पहिले असलेले नॉर्थ कॅरोलायना राष्ट्रीय स्पर्धेतही पोहोचले नाही. २०२४ मध्ये उलटे झाले. नियमित हंगामातले दोन्ही सामने नॉर्थ कॅरोलायनाने जिंकले.

नियमित हंगामातल्या पराभवाची परतफेड नियमित हंगामात होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत झालेल्या पराभवाची परतफेड तिथेच व्हावी लागते आणि ती वेळ कधी येईल हे कुठल्या वेळापत्रकात लिहिलेले नसते. शशेव्स्की यांच्यापुरती तर ती संधीच उरलेली नाही. पाच विजेतेपदे आणि १,२०२ विजय जमेस धरूनही ड्यूकच्या चाहत्याला ८१-७७ हा आकडा खर्चाच्या बाजूलाच ठेवावा लागतो. तो खोडता येत नाही हे ठाऊक असूनही दर जानेवारीत के-व्हिलमध्ये नवे तंबू लागतात, आणि हे वैर टिकले आहे ते त्याच्या बळावर.